मेथीवर ताणलेली टेप

माझ्या नवऱ्याला जो आवाज आवडतो, त्याला संगीत म्हणायला माझी आजही जीभ रेटत नाही. जपानमधला एक बँड, केव्हाच फुटलेला. कुठल्याच कंपनीने दारात उभं केलं नाही, म्हणून त्या पोरांनी घरीच कॅसेट्स भरल्या, सिमेंटच्या पिशव्यांचा कागद कापून कव्हरं चिकटवली आणि ओळखीपाळखीत वाटल्या. त्यातल्या उरल्यासुरल्या आता जगभरातली वेडी माणसं शोधत असतात. अमेरिकेच्या वाळवंटी भागातल्या आमच्या चँडलरच्या घरी, गराजमध्ये त्यातल्या काही होत्या. लावल्या की करवतीने पत्रा कापताहेत असं वाटायचं. "यार, काय ऐकतोस हे?" मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाला, "लहानपणी मला ओरडायची सोय नव्हती. हे लोक माझ्या वाटचं ओरडतात." त्यानंतर मी कधी आवाज कमी कर म्हटलं नाही.

सोय नव्हती, कारण ओरडलं की पट्टा आणखी जोरात बसायचा. सासरे स्वतःच हे कौतुकाने सांगतात, जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा. "फोडून काढला, म्हणून आज अमेरिकेत चिप बनवतोय!" पाहुणे हसतात. नवरा वाढायच्या निमित्ताने उठतो. मला तर वाटायचं, हातातली गरम आमटी यांच्या डोक्यावर ओतावी.

गेल्या हिवाळ्यात बाबा, म्हणजे सासरे, गावाहून आले आणि बॅकयार्डमध्ये मेथी पेरली. कोंब वर आले की पाखरं फडशा पाडायची. गावी शेतात पाखरं हाकलायला खराब कॅसेटची टेप काठ्यांना ताणतात. उन्हात ती चमकते, वाऱ्याने घूं घूं करते. आम्ही दोघं ऑफिसला गेलो असताना बाबांनी गराजमधली एक कॅसेट लावून पाहिली. खरखर ऐकली आणि ही खराब झालीय असं ठरवलं. मग दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्याच खराब! पोराला एक फोन करून विचारायचं? छे! बापाने पोराला विचारायचं असतं का कधी!

संध्याकाळी आम्ही एकदमच घरी पोचलो. बाबा भलतेच खुशीत. "बघ, एक पाखरू फिरकलं नाही!" अख्ख्या वाफ्यावर टेप ताणलेली होती. कॅसेट्सची फोडलेली कवचं बादलीत पडली होती.

नवरा तडक वाफ्यात शिरला. त्याने काठ्या उपटल्या, मेथी तुडवली, टेप गोळा करायला गेला तर ती हातातच तुटत गेली. मग जो ओरडला! बाप रे, इतक्या वर्षांच्या संसारात मी तो आवाज ऐकला नव्हता. बाबांची गचांडी धरून त्याने त्यांना कंपाउंडच्या भिंतीवर आपटलं. "माझं एवढंच होतं! या घरात एवढंच एक माझं होतं!" मूठ वर गेली. मी किंचाळत मध्ये घुसले. त्याचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फुटला. आणि पोराला फोडून काढलं म्हणून मिरवणारा तो माणूस दोन्ही हातांनी डोकं झाकून मटकन खाली बसला.

मूठ भिंतीवर पडली. पुन्हा पडली. सिमेंटच्या ब्लॉकवर रक्त उमटलं तेव्हा कुठे तो थांबला.

मी पिठलं-भात टाकला आणि दोघांनाही बजावलं, यापुढे या घरात कुणी हात उचलला तर पोलिसांना मी बोलावीन, मग बाप असो की नवरा. नवऱ्याच्या उजव्या हाताला फ्रोझन मटारची पिशवी बांधली होती, तो डाव्या हाताने चमच्याने खात होता. माझ्या ओठाला मीठ झोंबत होतं. बाबांनी घास उचललाच नाही. ताटाकडे बघत म्हणाले, "मारायचं होतंस रे. फिटलं असतं."

"म्हणूनच नाही मारलं," नवरा म्हणाला, आणि त्याने आणखी भात वाढून घेतला.