काकांची न सुटणारी गाठ

आमच्या नारपोलीच्या बिल्डिंगमध्ये झेंड्याचा खांब विकत आणायचा नाही, असं माझ्या काकांनी ठरवलं. काकांचं आयुष्य लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावर गेलेलं, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्या भंगारात असतेच. टाकीचा जुना पाइप खांब झाला. कप्पीच्या जागी सुताची रिकामी बॉबीन बसली. तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून हे वैभव उभं राहिलं. डब्यावरची जाहिरात तेवढी नेमकी पाहुण्यांसमोर आली.

सव्वीस जानेवारीला झेंड्यात फुलं घालून दोरी बांधायचा मानही काकांनीच घेतला. चेअरमनसाहेबांनी दोरी ओढली. झेंडा उघडेना. ते जितकं ओढत, तितकी गाठ आवळत होती. काकांनी सवयीने लूमवर तुटलेलं सूत जोडायची गाठ मारली होती, आणि ती सुटू नये म्हणूनच तर मारतात. शेवटी आम्ही सगळ्यांनी त्या गाठोड्याकडे बघत राष्ट्रगीत म्हटलं.

काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "दोरी तुटंल, पण गाठ न्हाय सुटायची," ते अभिमानाने म्हणाले.

चेअरमननी पुन्हा हिसका दिला आणि दोरी खरंच तुटली. काकांनी लगेच पुढे होऊन ती जोडून दिली, त्याच गाठीने.