श्वास घेणारी रबरी म्हातारी

दोन हजार दहाच्या आसपास मी कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका कॉलेजात रुग्णसेवा शिकवत होते. बारावीची काही मुलं शाळेच्या बसनं आमच्याकडं यायची. कोर्स एकच, पण त्याचं क्रेडिट शाळेतही धरलं जाई आणि पुढं कॉलेजातही. शाळा सोडायच्या बेतात असलेल्या मुलांना धरून ठेवायची ही युक्ती मला मनापासून पटली होती.

त्यांतली एक मुलगी मराठी. माझ्या मराठीला ती इंग्रजीतच उत्तर द्यायची, तेही उपकार केल्यासारखं. आजी गेल्यापासून तिनं शाळेला इतक्या दांड्या मारल्या होत्या, की हे क्रेडिट हुकलं असतं तर बारावीच हातची गेली असती.

आमच्या लॅबमध्ये पलंगावर सरावासाठी एक रबरी म्हातारी असायची. पंपावर तिची छाती वरखाली व्हायची, मधूनच पापण्या मिटायच्या. मी काही भित्री नाही. पण खोलीत एकटी असले, तर तिच्याकडं पाठ करून बसत नसे.

परीक्षेत रिमोटनं तिचा श्वास थांबवायचा. विद्यार्थ्यानं ताबडतोब बेल दाबायची, रुग्णाच्या तोंडात काही घालायचं नाही. चुकलं की नापास.

माझ्या गोऱ्या सहकारिणीनं बटण दाबलं. छाती थांबली. बेल मुलीच्या हाताशीच होती. तिनं शेजारचा पेला उचलला आणि चमचाभर पाणी त्या उघड्या तोंडात सोडलं.

“आजी, पाणी घे,” ती म्हणाली. मराठीत.

पाणी आतल्या नळीत उतरलं आणि घोट गिळल्याचा आवाज आला, अगदी माणसाचा. सहकारीण हातातला रिमोट उलटसुलट करून बघत होती.

बेल का दाबली नाहीस, असं मी मुलीला विचारलं.

“आजीच्या वेळी हॉस्पिटलमध्ये आधी बेलच दाबली होती. दे मेड मी वेट आउटसाइड. पाणी द्यायचं राहूनच गेलं.”

सहकारिणीला मी आपली रीत समजावली. पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा घेऊ, ती म्हणाली.

फेरपरीक्षेच्या दिवशी श्वास थांबताच पोरीनं बेल दाबली आणि कुणी न सांगता दाराबाहेर जाऊन उभी राहिली. पलंगावर म्हातारीचं तोंड उघडंच होतं. मी पोरीला पैकीच्या पैकी मार्क दिले, द्यावेच लागले.