वॉर्डातल्या फळ्यावरचे चार संघ

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी बुलढाण्याला कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्याच हिवाळ्यात थुंकीतून रक्त पडलं. पुस्तकांची पेटी खोलीवरच राहिली आणि मी तिथल्याच क्षयाच्या दवाखान्यात जाऊन पडलो. वडील गावात कोणी विचारलं की सांगत, "पोरगा बुलढाण्याले शिकून राह्यला." भेटायला आले की खाटेपासून हातभर लांब उभे राहत आणि उपरण्यानं तोंड झाकून घेत. मला त्याचा राग येत नसे. मीसुद्धा शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला की भिंतीकडे तोंड करत असे.

तिथली हवा थंड, म्हणून रोग्याला चांगली, असं म्हणत. थंडीतही खिडक्या दिवसभर उघड्या असत आणि आम्ही घोंगड्या पांघरून त्या चांगल्या हवेत कुडकुडत पडून असायचो. रोज सकाळी कमरेत सुई टोचत. काही महिन्यांनी छातीचा फोटो काढत. माझ्या फोटोत डाव्या बाजूला एक छिद्र होतं. दुसऱ्यांदा फोटो काढला तेव्हाही ते तेवढंच होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. हे छिद्र घेऊनच आपण मरणार, हे मला गणितासारखं स्पष्ट दिसत होतं.

माझ्या कोपऱ्यात आम्ही चौघं होतो. एक बीबी गावाकडचे गुरुजी, शांत आणि नीटनेटके; त्यांच्याकडे छोटा ट्रान्झिस्टर होता. दुसरे एक पिंजारी चाचा, जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरलेले. आणि तिसरा मोताळ्याच्या आठवडी बाजारात गुरांचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणारा माणूस. त्याला सगळे भाऊ म्हणत. चाळिशीचा, उंच, हाडं वर आलेली, पण आवाज असा की दारातून बोलला तर शेवटच्या खाटेला ऐकू जावा. "दहा माणसं एका टायमाले बोली लावतात," तो सांगायचा, "अन् मले सगळ्याईची अलग अलग आयकू येते. कोण भीत भीत बोलला अन् कोण खरा घेणार आहे, ते आवाजातच समजते."

क्रिकेटचा मोठा सामना सुरू व्हायचा होता. परदेशी संघ आला होता. गुरुजींना इंग्रजी येत असल्यानं तेच ऐकून आम्हाला सांगणार होते. पण नुसतं ऐकण्यात दिवस जाईना. तेव्हा भाऊ म्हणाला, "आपन हे खेळाडू वाटून घेऊ. दोन्हीकडचे. हर्रासासारखे. ज्याच्या वाट्याचे खेळाडू जास्त कमाई करतीन, तो जिंकला."

वॉर्डाच्या टोकाला काळा रंग दिलेला पत्र्याचा फळा होता. त्यावर कोणाला दूध, कोणाला अंडं ते लिहीत. सिस्टरनं कुरकुर करत खालची अर्धी बाजू आम्हाला दिली. मी खडूनं उभ्या रेघा मारून चार खाने केले आणि वर आमच्या गावांची नावं लिहिली. बाजूला दोन्ही संघांचे खेळाडू लिहिले. धावेला एक गुण, गडी बाद केला तर वीस, झेल घेतला तर दहा, असं ठरलं. एकानं नाव घेतलं की मी ते बाजूच्या यादीतून पुसून त्याच्या खान्यात लिहायचं.

"पयला कोन?" चाचांनी विचारलं.

"चिठ्ठ्या टाकू," भाऊ म्हणाला. "पन शेवटी ज्याचा नंबर येईन त्याले लागोपाठ दोन घेऊ द्यायचे. मंग उलटं फिरायचं. नाही तं शेवटच्याच्या नशिबी भाकडच जनावरं येतात."

चिठ्ठ्या टाकल्या. पहिला नंबर भाऊचा आला आणि शेवटचा माझा. तेवढ्यात चाचा सहज म्हणाले, "ज्याचा संघ जिंकला तो पयले घरी जाईन."

कोणी हसलं नाही. आदल्याच आठवड्यात दारापाशी असलेली एक खाट रिकामी झाली होती आणि त्या माणसाच्या घरचे रात्रीच बैलगाडी घेऊन आले होते. चाचांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी नजर खाली घातली. पण शब्द सुटून गेला होता. त्यानंतर तो खेळ राहिला नाही.

आपल्या सलामीच्या फलंदाजावर माझा डोळा होता. तो उभा राहिला की दिवसभर उभा राहतो, हे पेपरात वाचलेलं होतं. भाऊनं पहिल्याच तोंडाला त्याचं नाव घेतलं. माझ्या हातातला खडू थांबला.

"भाऊ, तो मले द्या," मी म्हणालो. "माह्या वाट्याचे पहिले दोन्ही घ्या, पन तो द्या."

"काऊन बे?"

"द्या ना. माहा फोटो पुन्हा खराब आला."

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "माह्या फोटोत दोन्हीकडं हाये, बाबू. लिही तू."

मी लिहिलं. खडू इतका दाबून लिहिलं की तो तुटला. गुरुजींनी विचार करून फिरकी टाकणारा घेतला. चाचांनी परदेशी संघातल्या एकाचं नाव जमेल तसं उच्चारून घेतलं. ते मला शेवटपर्यंत नीट लिहिता आलं नाही. माझ्या वाट्याला एक यष्टिरक्षक आणि एक म्हातारा होत चाललेला गोलंदाज आला. वीस नावं वाटून झाली, दोन उरली. ती कोणालाच नको होती. त्या दोघांची नावं फळ्याच्या कडेला तशीच राहिली आणि का कोण जाणे, मला त्यांच्याकडे बघवेना.

सामना सुरू झाला. गुरुजी ट्रान्झिस्टर कानाशी धरून बोलत आणि मी उठून गुण लिहीत असे. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊच्या वाट्याच्या वेगवान गोलंदाजानं एका षटकात दोन गडी घेतले. चाचा "अरे वा" म्हणून उठून बसले. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चाचांनी त्याला हलवलं तेव्हा तो म्हणाला, "डोया लागला होता जरा." पण त्याचे डोळे उघडे होते. मी पाहिले होते.

त्यानंतर माझं लक्ष खेळावरून उडालं. भाऊ गुरुजींच्या तोंडाकडे बघत होता, ओठांकडे. सगळे हसले की अर्ध्या क्षणानं हसत होता. संध्याकाळी मी त्याच्या मागे उभा राहून हळू हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. तो वळला नाही. मी फळ्यापाशी गेलो आणि त्याच्या खान्याखाली लिहिलं, "ऐकू येत नाही का?"

त्यानं वाचलं. बाकीच्यांनी वाचायच्या आत उठून तळहातानं पुसलं.

"सुईनं होऊन राह्यलं," तो म्हणाला. आवाज तेवढाच मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "कानात रातकिडे वरडतात. आधी वाटलं, थंडीनं असन. आता तं तोंड पाह्यल्याशिवाय समजत नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांना ओरडून बोलावं लागलं, त्यामुळे साऱ्या वॉर्डानं ऐकलं. "सुई थांबवली तर रोग वाढेल. चालू ठेवली तर आहे तेवढंही ऐकू येणार नाही. गेलेलं परत येत नाही. तुम्ही ठरवा." दुसरा उपाय आहे का, हे कोणी विचारलं नाही. डॉक्टरांसमोर प्रश्न विचारायचा असतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ते पुढच्या खाटेकडे गेले.

सुई मलाही तीच चालू होती. त्या रात्रीपासून मी कानाजवळ बोटं घासून बघू लागलो. उजवा, डावा, पुन्हा उजवा. आवाज आला की बरं वाटे आणि लगेच वाटे, कालच्यापेक्षा कमी आला. मी स्वतःच्या कानाला भीत होतो आणि छातीतल्या छिद्रालाही, आणि दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी ते कळत नव्हतं.

भाऊनं सुई घेणं बंद केलं. सिस्टर आली की तो नुसता हात आडवा करी.

सामन्याचे उरलेले दिवस मी फक्त त्याच्यासाठी फळा लिहिला. नुसते गुण नाही. चेंडू कुठे गेला, कोण धावला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सगळं. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. हात दुखला की गुरुजी उठून लिहीत. भाऊ खाटेच्या कडेला बसून वाचायचा. त्याचा तो सलामीचा फलंदाज शेवटच्या दिवशी खरोखर दिवसभर उभा राहिला. सामना अनिर्णित राहिला आणि भाऊचा खाना आम्हा तिघांच्या कितीतरी पुढे गेला.

त्यानं बेरीज पाहिली. मग खाटेखालची पिशवी ओढली आणि कपडे भरू लागला.

"कुठं चालले?" मी ओरडून विचारलं.

"घरी. मी जिंकलो ना." तो हसला नाही. "मले बायको हाये, दोन पोरी हायेत. बहिरा मानूस हर्रास नाही पुकारू शकत, बाबू. मंग जगून तरी करू काय? आता जेवढं आयकू येते तेवढं घेऊन जातो."

मी फळ्याकडे धावलो. चारही खाने हातानं पुसून टाकले आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "जाऊ नका. जीव राहू द्या." खाली आणखी लिहिलं, "तुम्ही गेले तर मीही सुई घेणार नाही." ते मी का लिहिलं, मला आजही सांगता येत नाही. मला मरायचं नव्हतं. मला फक्त तो जायला नको होता.

भाऊ फळ्यासमोर उभा राहून वाचत राहिला. मग माझ्याजवळ आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू सुई घेजो," तो म्हणाला. "तुले कोनाची बोली आयकाची हाये? तू लिहिणारा मानूस." आणि गेला. बाहेरच्या रस्त्यावरून त्याचं खोकणं बराच वेळ ऐकू येत होतं.

मी सुई घेत राहिलो. पावसाळ्यानंतर फोटो स्वच्छ आला. तोवर चाचा घरी गेले होते आणि गुरुजींना ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं होतं. मला सोडायच्या दिवशी नवीन आलेले एक डॉक्टर कागद लिहिता लिहिता गप्पा मारत होते. त्यांना मी भाऊबद्दल सांगितलं. ते लिहायचे थांबले.

"नुसत्या गोळ्या देता आल्या असत्या," ते म्हणाले. "गोळ्या आणि ती कडू पूड. वेळ जास्त लागतो, पण सुई नाही लागत. त्याला परत घेऊन ये."

मी घरी गेलो नाही. तशीच मोताळ्याची बस धरली. घाट उतरताना मी मनात वाक्यं जुळवत होतो, मोठ्यानं आणि थोडक्यात सांगता येतील अशी. बाजाराचा दिवस होता. गुरांच्या बाजारात गर्दी होती आणि मधोमध हर्रास चालू होता. पुकारणारा माणूस दुसरा होता. बारीक आवाजाचा, नवखा.

घर विचारत गेलो. दारात भाऊची बायको तुरी निवडत बसली होती. मी दवाखान्यातून आलो म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि लुगड्याचा पदर तोंडाशी धरला. कपाळ मोकळं होतं.

"पोळ्याच्या आधी गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत आयकू येत होतं त्याईले. थोडं मोठ्यानं बोललं की समजे. बाजारातही गेले दोन-चार डाव. मंग रक्त पडाले लागलं."

तिनं मला पाणी दिलं. मी ते घेतलं. काय करायला आलो होतो ते तिनं विचारलं आणि मला खोटं सुचलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगून टाकलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"गोळ्या होत्या म्हंता," ती म्हणाली. "मंग तवाच काऊन नाही सांगितलं कोनी?"

मी पाण्याचा गडू खाली ठेवला. तिनं सूप ओढून घेतलं आणि तुरीतले खडे वेचू लागली.