मटारच्या जेवणाचं जेवण

“तो काय खातो ते राहू द्या. त्याचं जेवण काय जेवलं, ते सांगा.”

दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान पुढे काढून काकांनी हे विचारलं तेव्हा मी आधी पिंजऱ्यातल्या सरड्याकडे पाहिलं, मग काकांकडे. प्रश्न नक्की कुणाबद्दल आहे, हेच मला कळेना.

काका म्हणजे इथले, अमेरिकेतल्या शुगर लँडमधले आमचे शेजारी. मूळचे नागपूरचे. इथल्या एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होते आणि रिटायर झाले तरी त्यांचा डोळा ताटावरच. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. पार्टीत सगळे गप्पा मारतात आणि हा तुमच्या प्लेटमध्ये कोशिंबीर किती आहे ते बघतो. फोन उचलताना “जय भीम” आणि ठेवताना “दही खात जा”, ही काकांची रीत.

सरडा माझ्या मुलीचा, ईशाचा. रंग बदलणारा शॅमेलिऑन. एरवी हिरवागार, म्हणून नाव मटार. अकराव्या वाढदिवसाला तिनं दुसरं काही मागितलंच नव्हतं. मटार रातकिडे खायचा, लांबून जीभ सोडून अचूक टिपायचा. पण त्या जूनमध्ये त्याची जीभ तोंडाबाहेर निघेना. फांदीवरची पकड सुटायला लागली. पुढचा एक पाय वाकडा दिसायला लागला.

सरड्यांची डॉक्टर पाऊण तासाच्या ड्राइव्हवर. तिनं सांगितलं, कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ झाली आहेत. औषध दिलं, पिंजऱ्यातला दिवा बदलायला सांगितला. जीभ पुन्हा चालेल की नाही, ते मात्र सांगता येत नाही म्हणाली. परतीच्या वाटेवर ईशानं मटारचा डबा मांडीवर धरून ठेवला होता.

त्याच संध्याकाळी काका आले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

“पालक,” मी मोठ्या ऐटीत म्हणाले. “रातकिड्यांना मी रोज ताजा पालक घालते.”

काका सोफ्यावर बसलेच. “अहो ताई, काय करून राहिल्या तुम्ही? पालक कॅल्शियमला धरून बसतो, अंगी लागू देत नाही.”

“पण पालक तर हेल्दी असतो ना?”

“तुम्हाला. तुमच्याकडे दूध आहे, दही आहे. याच्याकडे फक्त किडा आहे. किड्याच्या पोटात जे नाही, ते याला कुठून मिळणार?”

मला फार वाईट वाटलं. कौतुकानं, निवडून-धुऊन, मी त्या जिवाची हाडं खिळखिळी करत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या फ्रिजवर हॉस्पिटलात असतो तसा डाएट चार्ट लागला. पेशंट : रातकिडे. गाजर, रताळं, कोबीच्या जातीतल्या कोलार्डची पानं. तहानेसाठी संत्र्याची फोड. एक दिवस त्यांनी पोटभर जेवायचं, मगच मटारपुढे जायचं. जाण्याआधी पिशवीत घालून कॅल्शियमच्या पावडरीत हलकेच घोळवायचं. मी पहिल्या दिवशी त्यांना पांढरेफटक केलं, तर काका म्हणाले, “शंकरपाळे आहेत का ते? चेहऱ्याला पावडर लावतो तेवढीच.” व्हिटॅमिन महिन्यातून दोनदाच. जास्त झालं की तेही बाधतं, म्हणाले.

चतुर्थीला मी उपवासासाठी आणलेली रताळी त्यांनी अर्धी उचलली. “उपवास तुमचा आहे, त्यांचा नाही.” त्या दिवशी मी अर्धपोटी आणि रातकिडे तुडुंब.

काकांनी स्वतः मात्र किड्याला कधी हात लावला नाही. डबा उघडला की दोन पावलं मागे. ईशा चिमट्यानं मटारला भरवायची आणि हे दारातून सूचना द्यायचे. “आजोबा, कम क्लोजर ना!” ती म्हणायची. “नाही बेटा. मी डायटिशियन आहे, वाढपी नाही.”

मटारची पकड घट्ट झाली. पाय थोडा वाकडाच राहिला, पण तो पुन्हा वरच्या फांदीवर चढायला लागला. जीभ तेवढी येईना. ऑगस्टमध्ये काका घर विकून दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बेलव्ह्यूला मुलीकडे राहायला गेले. निघताना म्हणाले, “चार्ट काढू नका.” आमच्या घरात उरलेला उन्हाळा भारी सुना गेला.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ईशा किंचाळली, “आई! हिज टंग वर्क्स!” मी धावत गेले तोवर पलीकडच्या फांदीवरचा रातकिडा मटारच्या तोंडात होता. ईशानं लगेच काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे आठ. काकांच्या पुढ्यात वाफाळणारे पोहे, हातात चमचा.

“मला दाखव,” ते म्हणाले. “पुन्हा दाखव.”

ईशानं फोन माझ्या हातात दिला आणि दुसरा रातकिडा सोडला. मटार एक डोळा आमच्यावर आणि एक फोनवर ठेवून ढिम्म बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, “बाबा, पोहे थंड होतायत.”

“होऊ दे.”

“काका, मी रेकॉर्ड करून पाठवते ना,” मी म्हणाले.

“नाही ताई. त्याला घाई नका करू. मी आहे.”

पाऊण तास ते तसेच होते. मग मटार जरासा पुढे झुकला, आणि सट्कन जीभ सुटली. काका इतक्या जोरात ओरडले की फोन त्यांच्या हातून पडला. आम्हाला नुसतं छत दिसत होतं आणि “टिपला! टिपला!” ऐकू येत होतं. फोन पुन्हा उभा झाला तेव्हा त्यांनी चष्मा काढला होता आणि ते सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होते. मीही रडत होते आणि हसतही होते.

ईशानं फोन माझ्या हातातून घेतला, अगदी तोंडाजवळ धरला.

“आजोबा,” ती म्हणाली, “आता तुम्ही जेवा.”