पाय धुण्याची रीत

मला संस्कृत शिकवले ते माझ्या वडिलांनी, मादन हिप्परग्याच्या आमच्या घराच्या ओसरीवर. मुलीला शिकवून काय उपयोग, असे विचारणारे पुष्कळ होते. वडील त्यांना सुपारी देत आणि माझा पाठ पुढे चालू ठेवीत. योगविषयक एका श्लोकात एकदा ‘मूलबंध’ हा शब्द आला. मी अर्थ विचारला तेव्हा ते क्षणभर थांबले, उपरण्याने चष्मा पुसला आणि म्हणाले, “हे पुढं समजेल. पुढचा श्लोक घे.” त्या शब्दाचा अर्थ मला फार पुढे समजला, आणि तो कोणत्याही ग्रंथातून समजला नाही.

विवाहानंतर मी दुबलगुंडीस आले. सासरच्या घराण्याकडे गावच्या देवळात श्रावणातल्या सप्ताहात पुराण वाचण्याचा मान होता. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि माझे यजमान बीदरला शिक्षक असल्यामुळे सुटीपुरतेच घरी येत. तेव्हा माझ्या सासूबाईंनी, ज्यांना आम्ही अत्याबाई म्हणत असू, पंचमंडळींसमोर सरळ सांगितले की या वर्षी पोथी सून वाचील. स्त्रीने व्यासपीठावर बसून पुराण सांगावे, ही गोष्ट त्या गावात पूर्वी झालेली नव्हती. मंडळी कुरकुरली, पण सासऱ्यांनी मला त्यांच्यापुढे दोन अध्याय म्हणावयास लावले, आणि मग ती गप्प झाली. “एक बार बघू,” असे ठरले. जमले नाही तर पोथी निर्ण्याच्या एका पुराणिकांकडे जाणार होती, आणि एकदा गेलेला मान परत येत नसतो, हे आम्हांला ठाऊक होते.

मला वाचायचे होते. इतके वाचायचे होते की पाणी शेंदताना माझ्या ओठांवर श्लोक चाललेले असत. तरीही मनातून मी नकार कसा द्यावा याच विचारात होते. कारण तिसऱ्या बाळंतपणानंतर माझे शरीर माझ्या ताब्यात राहिले नव्हते.

बाळ मोठे होते, वेणा फार वेळ चालल्या होत्या. त्यानंतर शेकशेगडी झाली, पोट बांधले गेले, खोबरे-डिंक झाले. पण खोकला आला, शिंक आली, भरलेली घागर कमरेवर घेतली की लघवीचे थेंब गळत. प्रथम वाटले, होईल बरे. बाळ धरून उभे राहू लागले तरी बरे झाले नाही. ज्या घरात सोवळे नेसून स्वयंपाक होतो आणि देवाला नैवेद्य दाखविल्यावाचून कोणी घास घेत नाही, त्या घरात अशा स्त्रीने काय करावे? मी जे केले ते आमच्यासारख्या घरातच सुचावे असे होते. थेंब गळला की सोवळे मोडले, म्हणून पुन्हा स्नान. थंडीतही दिवसातून अनेकदा मी डोक्यावरून पाणी घेई. त्याने सर्दी होई, सर्दीने खोकला येई, खोकल्याने पुन्हा सोवळे मोडे. आणि मूळच तोडावे म्हणून मी पाणी पिणे जवळजवळ सोडले.

गावाने याचा अर्थ निराळा लावला. शेजारच्या काकू आडावर अत्याबाईंना म्हणाल्या, “तुमची सून म्हंजे तपस्विनीच की हो अक्का. उन्हाळा तोंडावर आलाय तरी पाण्याला शिवंना!”

“आन् न्हाणं तर बघा,” दुसरी म्हणाली. “आमच्या सुनेला एक बार न्हा म्हणलं तर कपाळाला आठ्या पडतात.”

सासरे तर आल्यागेल्याला कौतुकाने सांगत की सूनबाईंनी पुराणासाठी आतापासूनच निर्जल व्रत आरंभिले आहे. मी मान खाली घालून ऐके. लघवीला जळजळ होई, ओठ फुटलेले असत, आणि लोक मला नमस्कार करीत.

अत्याबाई मात्र काही बोलत नसत. त्या कडक होत्या. सोवळ्याच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे सासऱ्यांचेही चालत नसे. देवळात कीर्तन असो की पुराण, त्या नेहमी दाराशी, उंबऱ्याला लागून बसत. पुढे बोलावले तरी येत नसत. लोक म्हणत, केवढी नम्रता!

एके दिवशी आमटीला वाळल्या मिरच्यांची फोडणी घातली. घरभर ठसका उठला. मी ओचा आवरून धावतच परसात गेले. परत आले तेव्हा अत्याबाई चुलीपुढे एकट्या बसल्या होत्या. त्यांनी पळी खाली ठेवली.

“फोडणी पडली की तू पळतीस कामून गं?”

“ठसका लागतो, अत्याबाई.”

“ठसका मला बी लागतो. मी पळना.” त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. “गोठ्यामागं लुगड्याखाली जुन्या धोतराच्या चिंध्या वाळायल्यात. त्या कुणाच्या? बाळ तर आता अंगणात फिरायलंय.”

मला रडू कोसळले. मी म्हटले, “पोथी निर्ण्याला जाऊ द्या. माझ्याच्यानं व्यासपीठ बाटवणं व्हायचं न्हाई.”

त्या चुलीतले लाकूड मागे ओढीत म्हणाल्या, “मी दाराशी कामून बसते, माहीत हाय तुला?”

मी मान हलवली.

“तुझ्या नवऱ्याच्या पाठची पोरगी झाली तवापासून. लोकाला वाटतं, म्हातारी लई नम्र. नम्र कसली! हसू आलं की उठून पळता यावं म्हणून बसते. कीर्तनात बुवा हसवायला लागला की माझं ध्यान दाराकडंच बघ. इतकी वरसं झाली, पुढं बसून देवाचं तोंड बघितलं न्हाई मी.” आणि लगेच नेहमीच्या कडक आवाजात त्या म्हणाल्या, “माझं गेलं ते गेलं. तुझं जाऊ देणार न्हाई. डोळे पूस, आमटी उतू जायलीय.”

या बाईंविषयी माझ्या मनात जो आदर आहे, त्याचा उगम त्या क्षणी आहे. सोवळ्यासाठी ज्यांचा धाक अख्ख्या घराला होता, त्यांनी आपले लपवलेले सर्वांत मोठे दुःख चुलीपुढे बसून सुनेच्या हाती दिले, आणि दिल्यावर त्याचा उच्चार पुन्हा कधी उपकारासारखा केला नाही.

गुलबर्ग्याला एक लेडी डॉक्टर असल्याचे त्यांच्या कानावर होते. म्हैसूर राज्याचे नाव बदलून कर्नाटक झाल्याची चर्चा तेव्हा नवीन होती, आणि बसमध्ये पुरुष त्यावरच वाद घालीत होते. आम्ही दोघी मागच्या बाकावर घसा कोरडा करून बसलो होतो. वाटेत उतरायची वेळ येऊ नये म्हणून सकाळपासून दोघींनीही पाणी घेतले नव्हते. हे एकमेकींना सांगितले मात्र नव्हते. हुमनाबादच्या थांब्यावर मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि अत्याबाईंना हसू फुटले. “हसवू नको गं!” म्हणत त्यांनी मांडी आवळून घेतली.

डॉक्टरीणबाई कानडी होत्या, पण आमची बोली त्यांना येत होती. त्यांनी मला तपासले, लघवी तपासायला घेतली, जळजळीवर औषध लिहून दिले आणि विचारले, “पाणी किती पिता?”

मी सांगितले.

“व्रत म्हणून?”

“न्हाई,” अत्याबाईच मध्ये बोलल्या. “भ्यानं.”

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मग शांतपणे समजावून दिले. बाळंतपणात खालचे स्नायू ताणले जातात, सैल पडतात. मूत्राशय आणि गर्भाशय ज्या आधारावर टेकलेले असतात तोच आधार तो. पाणी सोडल्याने लघवी जहाल होते, आतून डिवचते आणि वारंवार लागते. म्हणजे उलटच होते. “वारा आणि लघवी आवरताना जसं आतून आवळता, तसं आवळून वर ओढायचं,” त्या म्हणाल्या. “थोडं धरायचं, मग पूर्ण सोडायचं. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताठ करायच्या नाहीत. लघवी करतानाच धार रोखत बसू नका, ती सवय वाईट. बसून, निजून, केव्हाही करा. पण रोज करा. महिने लागतील. आणि शौचाला कुंथू नका, भरल्या घागरी काही दिवस दुसऱ्याला उचलू द्या.”

माझ्या मनात वडिलांची ओसरी उभी राहिली. उपरण्याने चष्मा पुसणारे ते हात. ‘मूलबंध’ हा जो शब्द त्यांना मुलीपुढे उलगडता आला नव्हता, त्याच्याच अगदी शेजारची गोष्ट ही बाई टेबलावर पेला ठेवावा इतक्या सहजपणे सांगत होती.

अत्याबाई खुर्चीच्या काठावर बसून होत्या. “आन् माझ्यासारखीला?” त्यांनी हळूच विचारले. “आता या वयात?”

“वयाचं काय, अम्मा? स्नायू अजून आहेत ना?” डॉक्टरीणबाई हसल्या. “या, तुम्हालाही तपासते.”

घरी आल्यावर प्रश्न पडला की हे करावे केव्हा. शेवटी सांजवात लावल्यावर देवापुढे बसण्याची वेळ ठरली. अत्याबाईंना थोडा संकोच वाटला. “देवापुढं हे करावं का गं?” मी म्हटले, “योगी लोक असेच काही करतात, अत्याबाई, आणि त्याला साधना म्हणतात.” त्या क्षणभर विचार करून म्हणाल्या, “मग आपली बी साधनाच की.” आणि डोळे मिटून बसल्या. सासरे कौतुकाने म्हणत, “सासू-सुनेचं ध्यान काय लागतंय बघा!” अत्याबाई डोळे न उघडता उत्तर देत, “बोलू नका, सुटतंय.”

घागरी उचलणे त्यांनी गड्याकडे सोपवले. गावात विचारणा झाली तर सांगत, पुराण वाचणाऱ्या बाईने घसा आणि कंबर जपावी. मला रोज समोर बसवून तांब्याभर पाणी पाजीत. “तुझं व्रत मोडलं म्हणून सांगितलंय मी समद्यांला,” त्या म्हणाल्या. “माझ्या आज्ञेनं मोडलंय. पाप माझं.”

ज्येष्ठात माझ्या ध्यानात आले की फोडणी घालूनही मी चुलीपुढेच बसले आहे. पूर्ण बरे झाले नव्हते. पण ठसका येण्याआधी आतून आवळायचे हे शरीराला कळू लागले होते.

तरीही व्यासपीठावरच्या बैठकीची भीती होतीच, कारण सप्ताहात रोजची बैठक पुरी झाल्यावाचून आसन सोडू नये असा नियम होता. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी पोथीची पूजा झाली, आणि अत्याबाई दारातून उठून मोठ्याने म्हणाल्या, “वाचणाऱ्यानं दर अध्यायाला उठून हातपाय धुवायचे, मग पुढचा अध्याय. माझ्या सासूच्या माहेरची रीत हाय ही.”

एका वृद्ध गृहस्थांनी हरकत घेतली. “आसन मोडतं की हो अक्का!”

“मातीचे पाय घेऊन देवाची कथा सांगितलेली चालती का तुम्हाला?”

ते गृहस्थ आपल्या पायांकडे पाहू लागले. सासऱ्यांनी गंभीरपणे मान डोलावली, जणू ती रीत त्यांनाही आठवत होती. त्यांच्या आईचे माहेर कुठले होते हे त्या दोघांखेरीज सभेत कोणालाच माहीत नव्हते, आणि मला वाटते की अशी रीत तिथे नव्हतीही. आज आमच्या देवळात पोथी कोणीही वाचो, दर अध्यायाला उठून पाय धुतले जातात, आणि लोक ते शास्त्र समजतात.

मी वाचले. तिसऱ्या दिवशी धुपाच्या धुराने शिंक आली. शिंकेआधी मी आवरून धरले, आणि ती निघून गेली. पाचव्या दिवशी थोडे चुकले. पण अध्याय संपतच आला होता. उठले, पाय धुतले, देवळामागच्या खोलीत वस्त्र बदलले आणि परत येऊन बसले. देव तोच होता, पोथी तीच होती. कोणाला काही कळले नाही.

समाप्तीच्या दिवशी मी शेवटच्या अध्यायाला आरंभ करण्यासाठी मान वर केली आणि सवयीने दाराकडे पाहिले. उंबऱ्याजवळची जागा रिकामी होती. अत्याबाई अगदी पुढे, देवाच्या समोर बसल्या होत्या, आणि मूर्तीकडे असे पाहत होत्या की मला पहिला शब्द उच्चारवेना. माझी शांतता त्यांच्या लक्षात आली. त्यांनी शेजारचा तांब्या उचलून साऱ्या सभेसमोर माझ्याकडे सरकवला.

“पी आधी,” त्या म्हणाल्या. “घसा कोरडा पडलाय तुझा.”

मी तांब्या रिकामा केला आणि वाचू लागले.