पडजिभेवरचं माझं व्याख्यान

मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी लासूर स्टेशनला घरी गेलो, तेव्हा मला माणसं दिसत नव्हती, अवयव दिसत होते. तेही लॅटिनमध्ये.

वहिनी चार दिवस तापानं पडलेली. तोंड जेमतेम उघडत होतं, थुंकीही गिळवत नव्हती. आईनं पडजीभ उचलायला शेजारच्या मावशीला बोलावलं. मेंढरं राखणाऱ्या घरातली ही बाई अंगठ्याला मीठ लावून पडजीभ वर दाबायची. निम्म्या गावाच्या घशात तिचा अंगठा जाऊन आलेला.

मी आडवा आलो. "खबरदार! ती युव्हुला आहे. लॅटिनमध्ये ऊवा म्हणजे द्राक्ष. आपल्यात डब्याची डबी होते, तशी ऊवाची झाली युव्हुला, छोटं द्राक्ष. मूळ शब्द स्त्रीलिंगी, म्हणून हीपण स्त्रीलिंगी. अनेकवचन युव्हुली!" एका घशात अनेकवचन कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही. दादा तर माझ्याकडे कौतुकानं बघतच राहिला. मी बॅटरी लावली, आत डोकावलो, पुस्तकातलं द्राक्ष दिसलं, खूश झालो.

"दाखव बरं मला," मावशी म्हणाली. तिनं बराच वेळ पाहिलं आणि अंगठ्याचं मीठ पदराला पुसून टाकलं.

"बाबा, तुझं द्राक्ष मधी लटकाया पाहिजे ना? हिचं पार एका अंगाला सरकलंय. आत गळू हाय. म्या हात लावत नाय. आत्ताच्या आत्ता शहरात न्या, नायतर श्वास कोंडंल."

मी बॅटरी जवळ नेली. पुन्हा पाहिलं. पडजीभ खरोखर डावीकडे ढकललेली, उजवीकडे लालभडक फुगवटा. दोन मिनिटांपूर्वी मी तिचं लिंग सांगितलं होतं. ती कुठं आहे, ते पाहिलंच नव्हतं!

मिळेल त्या गाडीनं औरंगाबाद गाठलं. वाटेत वहिनीचा प्रत्येक श्वास मी मोजत होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी गळू फोडलं. वाटीभर पू निघाला.

"वेळेत आणलं. कुणी ओळखलं?" डॉक्टरांनी विचारलं.

दादानं अभिमानानं माझ्याकडे बोट केलं. आणि मी, काय सांगू, मान डोलावली! माझी मान, माझ्या देखत!

वहिनीनं पाण्याचा घोट घेतला. तो खाली उतरला. चार दिवस बंद असलेला तिचा आवाज फुटला, घोगरा, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा:

"भावजींनी नाय, डॉक्टरसाहेब. मावशीनं."