बाप्तिस्म्याच्या यादीतलं माझं नाव

फिलिपिन्समध्ये एक लहानशी नगरपालिका आहे. मी तिथं कधी गेलेले नाही आणि जाईन असंही वाटत नाही. पण तिथल्या चर्चच्या वहीत माझं नाव लागलेलं आहे. संकष्टी धरणाऱ्या नाशिकच्या बाईचं नाव तिथं कसं गेलं, हे मी माझ्या आईला अजून धड समजावून सांगू शकलेले नाही. मलाच नीट कळलेलं नाही, तर तिला काय कपाळ सांगणार?

सौदी अरेबियात, कतीफमधल्या एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं काम केलं. राहायला आम्ही दम्मामला, नवरा जुबैलच्या प्लांटमध्ये, मुलगी इंडियन स्कूलमध्ये. लॅबमध्ये आम्ही दोघीच, मी आणि एक फिलिपिनो मुलगी. मशीन, मायक्रोस्कोप आणि रिपोर्टवरची सही माझ्याकडे, आणि रक्त काढायचं काम तिच्याकडे. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कतीफकडे सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट पुष्कळ. वर्षानुवर्षं सुया टोचून टोचून त्यांच्या शिरा आत दडी मारून बसलेल्या असतात. मी दोनदा टोचून हात टेकायची. ती पेशंटच्या मनगटावर नुसतं बोट फिरवायची, क्षणभर थांबायची आणि पहिल्याच टोचण्यात नळी भरायची. म्हाताऱ्या बायका दारातूनच विचारायच्या, ती आहे ना? नसेल तर आम्ही उद्या येतो. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण हात तिचाच होता.

दवाखान्यात ती धरून चार फिलिपिनो बायका होत्या आणि चौघी एकाच गावच्या. आधी एक आली, तिनं दुसरीला आणलं, दुसरीनं तिसरीला. दिवसभर फोनवर त्यांचं गाव चालू असायचं. ऐकून ऐकून मला ते गाव पाठ झालं. म्हणायला नगरपालिका, पण चारी बाजूंनी भातखाचरं. मध्ये चर्च, समोर पालिकेची इमारत आणि तिच्या शेजारी पत्र्याचं छप्पर घातलेलं बास्केटबॉलचं मैदान. त्या मैदानात खेळ होतात, लग्नं होतात, वादळ आलं की लोक झोपायला येतात आणि कापणीनंतर भात वाळत घालतात. बरं, एवढ्याशा गावाला महापौर. आमच्याकडे महापौर म्हणजे केवढा बडेजाव. यांचा महापौर कोंबड्यांच्या झुंजीला जाऊन बसायचा आणि या चौघींपैकी एकीचा चुलता लागायचा. निवडणूक आली की चौघींत दोन तट पडायचे आणि आठवडाभर एकमेकींच्या डब्याला हात लावायच्या नाहीत. मतदान गावात, भांडण कतीफमध्ये. मी म्हणायची, अगं बायांनो, तिथं तुम्हाला विचारतंय कोण? त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मलाच काही कळत नाही. कळत नव्हतंच.

ती मला आते म्हणायची. त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मध्ये अरबी शब्द. बाळंतपणाला ती गावी गेली आणि चार महिन्यांची मुलगी आजीकडे ठेवून परत आली. नवरा गावात तीनचाकी रिक्षा चालवायचा. परत आल्यावर पंधरा दिवस ती कोणाशी बोललीच नाही. मग एक दिवस नळ्यांना लेबलं लावताना मान वर न करता म्हणाली, "आते, माझ्या मुलीची निनांग होशील?"

निनांग म्हणजे धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या मागे उभी राहणारी.

"होईन की," मी म्हटलं. आपण नाही का कोणालाही म्हणतो, या एकदा घरी जेवायला? तसंच म्हटलं. पंधरा दिवस तिची मान खाली होती, ती वर यावी एवढाच माझा हेतू.

"पण मी हिंदू आहे गं."

"पाद्रीबाबांना सांगितलंय. नियमाचे दोघं कॅथलिक आहेत. बाकीची नावं आमच्या मनाची."

बाकीची म्हणजे नऊ. त्यातलं एक माझं. बाप्तिस्मा तिच्याही माघारी झाला, माझ्या तर झालाच. माझ्या जागी तिची मावशी मेणबत्ती धरून उभी राहिली. फोटो फोनवर आला. मावशीनं निळा झगा घातला होता आणि चेहरा इतका गंभीर की मीच तिथं उभी राहून काहीतरी कबूल करतेय असं वाटलं. काय कबूल केलं, ते मात्र मला कोणी सांगेना.

दुसऱ्या दिवसापासून आतेचं कुमारे झालं. मुलीची आई आणि धर्ममाता एकमेकींना असं म्हणतात. विहिणी म्हणावं तर तसं नाही, बहिणी म्हणावं तर त्याहून जास्त. बाकीच्या तिघीही बदलल्या. गावाहून कोणी सुका मासा आणला की माझा वाटा वेगळा निघायला लागला. मी शाकाहारी, हे त्यांना माहीत होतं. तरी वाटा निघायचा. मी तो शेजारच्या रत्नागिरीच्या भाभींना द्यायची, त्या खूश. फोनवर तिची आई, नवरा, ती मावशी, सगळे मला हात करायचे. मी एकदा सरळ विचारलं, "मी नेमकं करायचं काय असतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "आई नसेल तिथं निनांग असते. बस."

मी बरं म्हटलं आणि स्लाइडकडे वळले. आई नसेल तिथं म्हणजे कुठं? आई तर कतीफमध्ये, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलेली.

मग आमचा दवाखाना पिवळ्यात गेला. सौदीकरण जोरात होतं तेव्हा. सरकार प्रत्येक जागेला रंग द्यायचं. सौदी माणसं पुरेशी असली तर हिरवा, कमी पडली तर पिवळा, मग लाल. पिवळ्यात गेलं की आमच्यासारख्यांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडायचे. मॅनेजरनं आम्हा दोघींना बोलावलं. तोही सौदीच, माणूस वाईट नव्हता, आमच्याकडे न बघता बोलला. लॅबमध्ये एक सौदी मुलगी येणार. तुमच्यातली एकच राहील. दोघींनी आपण काय काम करतो ते कागदावर लिहून द्या, कफील, म्हणजे दवाखान्याचा मालक, वाचून ठरवेल.

माझी मुलगी बारावीला. जुबैलच्या प्लांटमधूनही माणसं कमी व्हायला लागलेली आणि नवरा रोज घरी येऊन चहा न घेता सोफ्यावर बसायचा. तिचं काय होतं ते मला माहीतच होतं. तिच्या एका इकाम्यावर आई, नवरा, मुलगी आणि मेणबत्ती धरणारी मावशी, एवढं घर चालायचं.

दुपारच्या नमाजाला दवाखाना थांबला तेव्हा मी लिहायला बसले. मशीन, रिपोर्ट, क्वालिटी कंट्रोल, सगळं खरं लिहिलं. आणि खाली एक वाक्य लिहिलं, रक्त काढण्याचं काम थोड्या सरावानं कोणालाही जमतं. कोणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं. लिहिताना ती समोरच बसून गावच्या फिएस्टाचा, म्हणजे जत्रेचा, व्हिडिओ बघत होती. माझ्या जागी कोणीही हेच लिहिलं असतं, असं मी मनाशी घोकलं, घडी घातली आणि कागद देऊन आले.

आठ दिवसांनी मॅनेजरनं मला एकटीला बोलावलं. तुम्ही राहताय म्हणाला. मग जरा संकोचून म्हणाला, "तीही तेच म्हणतेय, त्यामुळे काही प्रश्नच उरला नाही." आणि तिचा कागद माझ्यापुढे सरकवला. तिनं तीनच ओळी लिहिल्या होत्या. लॅबचं सगळं काम सीनियर बघते. मी मदतनीस आहे. शिरा शोधायलाही तिनंच मला शिकवलं.

धडधडीत खोटं. मी तिला शिकवलं? मला शरम वाटायला हवी होती. पण आधी आला तो संताप, आणि कशाचा ते मला आजही सांगता यायचं नाही. तरातरा लॅबमध्ये गेले. "खोटं कशाला लिहिलंस? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

ती नळ्या लावत होती. "तू माझ्या मुलीची निनांग आहेस," ती म्हणाली. यात सगळं आलं असं तिला वाटत होतं. मी आणखी चिडले. माझ्या कागदात काय आहे ते सांगायला तोंड उघडलं आणि पाण्याचा ग्लास उचलून प्यायले.

ती महिन्याभरात गेली. मी तिच्या मुलीसाठी नाशिकहून चांदीचे वाळे मागवले होते, ते दिले. तिनं लगेच कानाजवळ नेऊन वाजवून बघितले. बाकीच्या तिघी रडल्या, ती रडली नाही. मीही नाही. माझं कसलं तोंड होतं रडायला?

नवी सौदी मुलगी हुशार होती. मशीन तिनं दोन आठवड्यांत हातात घेतलं, माझ्याहून नीट वागायची पेशंटशी. पण रक्त काढायचं माझ्याकडे आलं. एक नेहमीची म्हातारी आली, सिकलची. मी एकदा टोचलं, दोनदा, तीनदा. हात काळानिळा झाला. ती ओरडली नाही. बाही खाली ओढली, "खलास," म्हणाली आणि सोबत आलेल्या आपल्या पोरीच्या खांद्याचा आधार घेऊन निघून गेली. कोणालाही जमतं, असं मीच लिहून दिलं होतं. मी स्टोअररूममध्ये जाऊन हमसून हमसून रडले.

त्याच शुक्रवारी दुपारी मी तिला व्हिडिओ कॉल लावला. ती त्या मैदानाच्या कडेला बसली होती, मागे कोणीतरी दाताळ्यानं भात उलटत होतं. मी सगळं सांगून टाकलं. ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, तुला जे बोलायचं ते बोल, मी ऐकते.

"माहीत आहे," ती म्हणाली. "मॅनेजरनं तुझा कागद मला आधी दाखवला होता. तो वाचूनच मी माझा लिहिला."

मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला.

"मी तुझ्याविरुद्ध लिहिलं असतं तर कफीलनं, भांडण नको म्हणून, दोघींनाही काढलं असतं. एकीनं तिथं राहायला हवं होतं. आणि नाव तर वहीत लागलेलं. ते कसं खोडणार?"

"घरी माहीत आहे?"

"आईला सांगितलं. आईला सांगितलं म्हणजे मावशीला, म्हणजे अख्ख्या गावाला."

"मग काय म्हणाले सगळे?"

तिला माझा प्रश्नच समजला नाही. "काय म्हणणार? घाबरली असेल म्हणाले. तिलाही मुलगी आहे म्हणाले."

हे माफ करणं होतं, की हिशेबी शहाणपण, की त्यांच्याकडे या गोष्टीला तिसरंच काही नाव आहे? मी विचारणार तेवढ्यात तिनं मागे वळून हाक मारली. मुलगी दुडूदुडू आली, दोन वर्षांची झाली होती. आईनं कानात काहीतरी सांगितलं. तिथं मुलं मोठ्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात आणि आशीर्वाद मागतात. मुलीनं फोन दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला टेकवला. माझ्या पडद्यावर अंधार झाला आणि त्यात नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. काय म्हणायचं असतं तेही मला माहीत नव्हतं. मी हात पुढे करून काचेवर ठेवला, आणि ती बाजूला होईपर्यंत तसाच धरून ठेवला.